ट्रॅक्टरची दुसरी तेलपट्टी
(हुपरी, ता. हातकणंगले येथे ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



इंजिनच्या तेलाची पट्टी आपण नेमाने पाहतो. पण गिअरबॉक्सची पट्टी कित्येकांनी ट्रॅक्टर घेतल्यापासून काढलेली नसते. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांना एकच तेल असते. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर तेही याच तेलात. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या घेऊन उतार उतरताना सारी भिस्त त्या ब्रेकवर असते.

पट्टी पाहताना ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. लिफ्ट खाली सोडावी. उलटणारी ट्रॉली जोडली असेल तर तिचा हौदाही खाली घ्यावा. हौदा वर असला की तेल जॅकमध्ये अडकते, पट्टी कमी दाखवते. आपण वरून भरतो आणि हौदा खाली येताच तेल जादा होते. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. भोवतालची धूळ पुसूनच पट्टी काढावी. पुसायला सुताचा बोळा घेऊ नका, धागे आत जाऊन गाळणीत अडकतात.

कुणाकडे ऑटोमॅटिक मोटारगाडी असेल. पट्टी असलेल्या अशा बऱ्याच गाड्यांत तेल गरम करून, इंजिन चालू ठेवून पातळी पाहतात. ती रीत इथे लावू नका. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिले असेल तेच खरे.

पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, लिफ्ट झटके देते. इंजिनातले तेल थोडेफार जळते. हे जळत नाही. कमी झाले म्हणजे कुठेतरी गळले, ते आधी शोधा.

तेलाचा रंगही पाहा. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. चिखलणीत असे होते. २०१९ आणि २०२१ च्या पुरासारख्या पाण्यात ट्रॅक्टर उभा राहिला असेल, तर तेल तपासल्याशिवाय तो चालूच करू नये. आणि हुपरीत चांदीची चमक कुणाला नको? पण पट्टीवरच्या तेलात तशी चमक दिसली तर दातऱ्यांची झीज सुरू आहे, असे समजा.

भर घालताना इंजिनचे उरलेले तेल ओतू नका. तेलातल्या ब्रेकना त्यांचेच तेल लागते. दुसरे घातले तर ब्रेक आवाज करतात, नीट धरत नाहीत. शेजाऱ्याची उलटणारी ट्रॉली जोडतानाही विचारा, कारण तिच्या जॅकमधले तेल आपल्या तेलात मिसळते.