'झालं' म्हणण्याआधी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतसाहित्य, नाट्यसंगीत, होळकरांचा इतिहास असे विषय होत आलेले आहेत. यंदा कार्यकर्ते विचारायला घरी आले, तेव्हा आम्ही म्हटलं, "आम्ही दोघं सध्या घरात बसून विमान शिकतोय. त्यावर बोललं तर चालेल का?" मुलं आधी हसली. मग म्हणाली, "काका-काकू, तेच बोला. आणि दोघंही या."

म्हणून हे भाषण आम्ही दोघांनी मिळून लिहिलं आहे. आमच्यापैकी एकाचा जन्म वीजखात्यात गेला, एकीचा शाळेत गणित शिकवण्यात. पुढं सगळीकडे 'आम्ही' असंच म्हणू. कोणती चूक कोणाची, हे ओळखीच्यांनी ओळखून घ्यावं.

सुरुवात एका कोड्यानं झाली. एका लग्नासाठी आम्ही इंदूरहून जबलपूरला विमानानं गेलो. पंख्यांचं छोटं विमान. बस विमानापाशी थांबली, तेव्हा उजव्या बाजूच्या इंजिनाचा आवाज येत होता, पण त्याचा पंखा मात्र अगदी थांबलेला. इंजिन चालू आणि पंखा बंद? आत बसलो तर दिवे लागलेले, हवा खेळती. लग्न राहिलं बाजूला, दोन दिवस आमचा वाद चालला. एकाचं म्हणणं, आवाज दुसऱ्या विमानाचा असणार. दुसरीचं म्हणणं, कान अजून शाबूत आहेत.

उत्तर मिळालं ते मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर. दिवाळीत तो पुण्याहून आला, तेव्हा कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवून गेला. त्यात मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर होता, आणि त्यासाठी 2023 साली निघालेलं एटीआर 72-600 हे विमानही. हेच ते आपलं पंख्याचं विमान. एटीआर ही फ्रान्स आणि इटलीची मिळून 1981 साली सुरू झालेली कंपनी, विमानं तुलूजला जोडली जातात. सिम्युलेटरमध्ये त्याची केबिन बटणाबटणासकट दिलेली आहे, आणि बटणं नुसती चित्रं नाहीत, दाबली की त्यांचा परिणाम होतो.

आधी कोड्याचं उत्तर देतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसरा आपोआप फिरू लागेल. आता दुसरा हातानं धरून ठेवला, तरी पहिला फिरतच राहतो, कारण दोघांना जोडणारा दांडा नाही, मध्ये फक्त हवा आहे. एटीआरच्या इंजिनात असंच आहे. इंधन जाळून गरम वायू तयार करणारा भाग वेगळा, आणि त्या वायूच्या झोतानं फिरून पुढचा पंखा चालवणारं चक्र वेगळं. म्हणून पंखा ब्रेक लावून धरता येतो आणि मागं इंजिन चालूच राहतं. याला 'हॉटेल मोड' म्हणतात. मोठ्या विमानांना जमिनीवर वीज आणि हवा पुरवायला शेपटीत एक वेगळं छोटं इंजिन असतं. एटीआरला ते नाही. मग उजवं इंजिनच ते काम करतं. आणि उजवंच का? कारण प्रवासी आणि सामान दोन्ही डाव्या बाजूनं चढतात.

तर वाद दुसरीनं जिंकला. पण तोवर आम्ही अडकलो होतो.

पहिला महिना आम्ही उड्डाण केलंच नाही. मंडळाचे बॅनर छापणाऱ्या दुकानातून केबिनचं चित्र फ्लेक्सवर छापून आणलं आणि कपाटाच्या दारावर चिकटवलं. रोज चहानंतर अर्धा तास बोट ठेवून म्हणायचं, ही वीज, हे इंधन, हे तेलाचे पंप, हा बर्फ काढायचा भाग. यात एक गोष्ट आम्हाला फार आवडली. आपल्या घरात दिवा लागला की वस्तू चालू आहे असं आपण समजतो. या विमानात बहुतेक बटणांचं उलट आहे. सगळं जिथल्या तिथं असेल तर बटणात एकही दिवा नाही. दिवा लागला म्हणजे काहीतरी बंद आहे किंवा बिघडलं आहे. अंधार म्हणजे क्षेमकुशल. वैमानिकाला शंभर दिवे वाचायचे नसतात, जो एक लागला तोच वाचायचा असतो.

वीजखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला मात्र एका गोष्टीनं हैराण केलं. आपल्याकडे 50 हर्ट्झ म्हणजे 50 हर्ट्झ, जरा हललं की फोन सुरू. या विमानात एक वीज अशी आहे की तिचे हर्ट्झ पंख्याच्या वेगाबरोबर कमीजास्त होतात, आणि ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे. पंख्याच्या पात्यांवर बर्फ धरू नये म्हणून ती तापवायची, काचा तापवायच्या, तेलाचे मोठे पंप फिरवायचे, या कामांना नेमके हर्ट्झ लागत नाहीत. पण मग एक साखळी तयार होते. पंखा थांबला की ती वीज गेली, आणि तिच्यावरचे मोठे पंप थांबले. आणि पंख्याचा ब्रेक तर तेलाच्या दाबावरच चालतो! म्हणून त्याच्यासाठी बॅटरीवर चालणारा एक लहान पंप वेगळा ठेवलाय. हे समजायला आम्हाला आठ दिवस लागले. समजलं त्या संध्याकाळी शिरा केला होता.

मग उड्डाण. एटीआरमध्ये दोन वैमानिक लागतात. एक विमान चालवतो, दुसरा बघतो, यादी वाचतो, सांगितलेली लिव्हर हलवतो. आम्ही कामं वाटून घेतली. एकीनं यादी वाचायची, एकानं उत्तर द्यायचं. "पार्किंग ब्रेक?" "लावलाय." "इंधन?" "पाहिलं." दोन्ही इंजिनं सुरू झाली, इंदूरच्या धावपट्टीवर आलो, पॉवर दिली, आणि विमान जागचं हलेना. इंजिन नुसतं गुरगुरतंय. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळीही तेच. मुलाला फोन करायची वेळ आली.

दोष निघाला 'गस्ट लॉक'चा. विमान उभं असताना वाऱ्यानं शेपटीचे आणि पंखांचे हलते भाग आपटू नयेत म्हणून ते अडकवून ठेवणारी एक लिव्हर असते. ती लावलेली असली तर पॉवरची लिव्हर पुढं जाऊच नये, अशी योजना विमानातच केलेली आहे. म्हणजे विमान आम्हाला वाचवत होतं. आणि यादीत ते होतं! तिन्ही दिवस "गस्ट लॉक?" असं वाचलं गेलं होतं, आणि तिन्ही दिवस "काढलंय" असं उत्तर आलं होतं. न बघता. वाचणारीही यादी पाठ झाल्यामुळे इतक्या वेगात पुढं पळत होती की बघायला उसंतच नव्हती. चूक अर्धी-अर्धी.

त्या रात्री हसलो. पण पुढं दोन अपघातांविषयी वाचलं आणि हसू थांबलं.

4 फेब्रुवारी 2015. तैपेईहून एटीआर 72-600 उडालं. एका इंजिनाच्या यंत्रणेत खोटा इशारा आला आणि विमानानं त्या इंजिनाचा पंखा आपोआप 'फेदर' केला. फेदर म्हणजे पात्यांची धार वाऱ्याकडे करणं. धावत्या गाडीतून हात बाहेर काढा. तळवा पुढं केला तर वारा ढकलतो, कड पुढं केली तर हात सरळ वारा कापतो. तसं ते. दुसरं इंजिन ठणठणीत होतं. वैमानिकानं गडबडीत तेच चांगलं इंजिन बंद केलं. 58 जणांपैकी 43 गेले.

15 जानेवारी 2023. नेपाळमध्ये पोखऱ्याला उतरताना एटीआर 72. चालवणाऱ्यानं फ्लॅप वाढवायला सांगितलं. दुसऱ्यानं 'केलं' असं उत्तर दिलं. पण हात शेजारच्या लिव्हरींवर पडला होता, आणि दोन्ही पंखे फेदर झाले. नंतरच्या चौकशीत हेच निष्पन्न झालं. विमानातले 72 च्या 72 जण गेले. आमच्या कपाटावरच्या चित्रात त्या दोन लिव्हरी शेजारी शेजारी आहेत. आम्ही बोट ठेवून पाहिलं. मध्ये चार बोटांचं अंतर.

आम्हाला त्या वैमानिकांना नावं ठेवायची नाहीत. ते शिकलेले, अनुभवी लोक होते. आम्ही तर खुर्चीत बसून, चहा पिऊन, कसलाही धोका नसताना तीन दिवस तेच केलं होतं. हात एकीकडे, तोंड दुसरीकडे.

आता जे सांगणार आहोत ते सांगावं की नाही, यावर आमचा घरात वाद झाला. शेवटी सांगायचं ठरलं.

चैत्रात आमच्यापैकी एकाला घराच्या जिन्यात चक्कर आली. कठडा हाताशी होता म्हणून निभावलं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, बराच वाढलेला. विचारलं, "गोळ्या रोज घेताय ना?" आम्ही दोघांनी एका सुरात सांगितलं, "हो." डॉक्टरांनी डोस वाढवून दिला. घरी आल्यावर गणिताच्या बाईंनी सवयीनं स्ट्रिपवरच्या गोळ्या मोजल्या. कोणत्या वारी सुरू केली ते आठवत होतं. हिशोबापेक्षा चार गोळ्या जास्त उरल्या होत्या. रोज सकाळी "गोळी घेतली का?" असं स्वयंपाकघरातून विचारलं जात होतं, आणि "घेतली" असं वर्तमानपत्रामागून उत्तर येत होतं. गस्ट लॉक. तेच ते. आणि आमच्या त्या 'हो'वर विसंबून दुप्पट औषध पोटात जाणार होतं. लगेच डॉक्टरांना फोन करून खरं ते सांगितलं. ते रागावले, बरोबरच होतं. डोस पहिलाच ठेवला.

त्या दिवसापासून घरात एक रीत आहे. गोळी घेताना स्ट्रिप हातात धरायची, नाव मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ते बघायचं, मगच पाणी. रात्री गॅस बंद करताना बटणावर बोट ठेवून "बंद". पैसे पाठवताना मोबाइलवरचं नाव दुसऱ्याला वाचून दाखवायचं, मगच पाठवायचे. शेजारी म्हणतात, यांच्या घरात मंत्र चालतात. चालू द्या.

यातलं सगळ्यात अवघड काय होतं? बटणं नव्हती. आमच्या पिढीच्या घरात "अहो, तुमचं चुकतंय" हे म्हणायला चाळीस वर्षं लागतात, आणि ते ऐकून न चिडायला आणखी काही. वैमानिकांच्या शिक्षणात मात्र हे शिकवलंच जातं की शेजारी बसलेल्यानं चूक दिसली की बोलायचंच, समोरचा कितीही मोठा असो. बोललं म्हणजे अपमान झाला असं नाही. ते त्याचं कामच आहे. आम्ही हे सत्तरीत शिकलो. अजून पक्कं झालेलं नाही, हे इथं बसलेल्या आमच्या शेजाऱ्यांना ठाऊक आहेच.

तुम्ही म्हणाल, हा खेळ आहे. खरंच खेळ आहे. आम्ही खरं विमान चालवू शकणार नाही आणि तसा भ्रमही नाही. पण या खेळाचं मूळ गमतीचं आहे. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसानं 1929 साली जमिनीवर विमान शिकवायचं एक यंत्र बनवलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. ते यंत्र हलायचं ते ऑर्गनच्या भात्यांवर. म्हणजे आपल्या पेटीचं आणि या विद्येचं लांबचं नातं निघतं. पेटीचंही तसंच आहे. बोटं कुठं पडतात हे आधी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सूर लागत नाही.

इथं आमच्या वयाची बरीच मंडळी आहेत. मुलं पुण्या-बंगळुरूला, काही परदेशात. घरात दोघंच, किंवा एकटंच कुणी. ज्यांच्या घरी दुसरं माणूस नाही, त्यांनी सकाळी कुणालातरी एक फोन करावा आणि गोळीचं नाव वाचून दाखवावं. आमचा नंबर मंडळाकडे आहे. संकोच करू नका, आठनंतर आम्ही जागेच असतो.

आणि रविवारी संध्याकाळी घरी या. कपाटावरचं विमान दाखवू, जबलपूरपर्यंत नेऊन आणू. यादी कोण वाचणार ते आल्यावर ठरवू. चहा नक्की मिळेल. तो झाला की नाही, हे मात्र आम्ही आधी बघू आणि मगच सांगू.

गणपती बाप्पा मोरया!