बीट, चाकवत आणि खुरपें

साखर म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें ऊंस उभा राहतो. अमेरिकेंत मात्र तेथें तयार होणाऱ्या साखरेपैकीं निम्म्याहून अधिक साखर बिटाच्या पांढऱ्या कंदांतून निघते. त्या देशांतील सर्वांत मोठी बीट-लागवड मिनेसोटा व उत्तर डकोटा यांच्या सीमेवर, रेड नदीच्या खोऱ्यांत आहे.

बिटाचा वैरी म्हणजे तण. कोंवळें बीट हळूहळू वाढतें. तोंवर तण त्याच्या डोक्यावर जातें. त्यांतलें एक मुख्य तण म्हणजे, सांगावयास गंमत वाटते, आपला चाकवत! ताकांत घोटून ज्याची भाजी आपण मिटक्या मारीत खातों, तोच तेथील शेतकऱ्याची झोंप उडवितो. बीट आणि चाकवत एकाच कुळांतले. एका भाऊबंदाला मारून दुसऱ्याला राखील असें औषध मिळणें कठीण. जीं होतीं तीं थोडीं थोडीं, पुन्हां पुन्हां फवारावीं लागत, आणि बिटालाही चटका बसे. त्याहीपूर्वीं मेक्सिकोहून आलेलीं मजूर कुटुंबें आंखूड दांड्याचें खुरपें घेऊन दिवसभर कंबरेंत वाकून हें काम करीत.

ग्लायफोसेट हें तणनाशक बहुतेक सर्व हिरव्या वनस्पतींना मारतें. जमिनींतील एका सूक्ष्म जंतूला मात्र तें बाधत नाहीं. त्या जंतूचा हा गुण बिटाच्या बीजांत उतरवून संकरित वाण निघालें. २००५ सालीं त्यास सरकारी मोकळीक मिळाली, २००८ पासून मोठी पेरणी झाली, आणि दोनतीन वर्षांत तेथील सुमारें ९५ टक्के बीट या वाणाचें झालें. इतक्या घाईनें एकच उत्तर घोकणारीं मुलें मीं वर्गांत पुष्कळ पाहिलीं आहेत; प्रश्न बदलला कीं तीं गप्प होतात.

प्रश्न दोनदां बदलला. बिटाचें बीं ऑरेगन राज्यांतील विलमेट खोऱ्यांत तयार होतें. तेथेंच भाजीच्या बिटाचेंही बीं घेतात, आणि बिटाचा पराग वाऱ्यावर दूर जातो. परिणामांची पुरती चौकशी न करतां मोकळीक दिली, असें ठरवून न्यायालयानें ऑगस्ट २०१० मध्यें ती रद्द केली. जुन्या वाणाचें बीं पुरेल कीं नाहीं, अशी चिंता पसरली. पुढें अटी घालून पेरणीस परवानगी मिळाली व जुलै २०१२ मध्यें पूर्ण मोकळीक.

दुसरा प्रश्न न्यायालयांत सुटणारा नव्हता. माठाच्या जातीचें वॉटरहेम्प नांवाचें तण, ज्याचें एकेक झाड लाखों बिया टाकतें, ग्लायफोसेटला दाद देईनासें झालें. रेड नदीच्या खोऱ्यांत आतां पुन्हां निरनिराळीं औषधें जोडीला घ्यावीं लागतात, आणि कांहीं शेतांत तर माणसें लावून हातानें निंदणी चालते.