सर्व्हरची रॅम भरतेय, पण धरून कोणी ठेवलीय?

मी मंगरूळपीरचा. बीटेक केलं आणि गेली काही वर्षं बॅकएंडचंच काम करतोय. आजचा विषय असा: वेब सर्व्हर सुरू केला की मस्त पळतो, दोन-तीन दिवसांनी जड होतो आणि एक दिवस मान टाकतो. रिस्टार्ट मारला की परत मस्त. हे काय असतं आणि शोधायचं कसं?

उदाहरण गावचंच घेऊ. माझ्या एका मित्राची बाजारभावाची साइट आहे. नोड जेएसवर चालते, १ जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरवर. मंगरूळपीर, कारंजा, वाशीम, अकोला, सगळीकडचे सोयाबीनचे भाव एका पानावर. दिवाळीच्या सुमारास माल घरात आलेला असतो. सकाळी गाडी भरायची का, भरली तर कुठल्या बाजारात न्यायची, हे लोक मोबाइल बघून ठरवतात. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. बाजारात त्याच्या किती खाली-वर चाललंय हे न बघता गाडी नेली, तर भाडं अंगावर पडतं. आणि नेमकी गर्दीच्या वेळीच साइट बंद!

मित्राचा फोन आला, "भाऊ, काहून बंद पडते हे? रॅम दोन जीबी करू का?"

म्हटलं, थांब. रॅम दुप्पट केली तर तीन दिवसांऐवजी सहा दिवसांनी पडेल, एवढाच फरक. आधी बघू, मेमरी धरून कोणी ठेवलीय.

आता हा शब्द लक्षात ठेवा: धरून. जावास्क्रिप्ट, पायथन, जावा अशा भाषांमध्ये नको असलेली मेमरी मोकळी करणारा एक सफाईवाला असतो, गार्बेज कलेक्टर. तो फक्त बेवारस सामान उचलतो. प्रोग्राममध्ये कुठेतरी एखादी यादी, एखादा मॅप त्या सामानाला धरून बसला असेल, तर सफाईवाला हात लावत नाही. त्याच्या दृष्टीने ते कामाचंच आहे. म्हणून या भाषांमध्येसुद्धा मेमरी वाढत जाते.

पहिली पायरी, घाबरायचं नाही. लिनक्सवर 'फ्री' कमांड दिली की मोकळी रॅम फार कमी दिसते. लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि लागली की परत देतो. त्यामुळे 'फ्री'चा रकाना नाही, 'अव्हेलेबल'चा रकाना बघायचा.

दुसरी पायरी, सर्व्हर मेला कसा ते लॉगमध्ये बघायचं. 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' असं कर्नलच्या लॉगमध्ये असेल, तर लिनक्सने मारलाय. 'जावास्क्रिप्ट हीप आउट ऑफ मेमरी' असेल, तर नोडने स्वतःच्या हीपची मर्यादा गाठलीय. ही मर्यादा मशीनच्या रॅमपेक्षा कमी असते. आमच्याकडे दुसरा प्रकार होता. मरायच्या आधी सफाईवाला जागा शोधत सारखा धावत होता, म्हणून साइट अडखळायची.

तिसरी पायरी, आलेख. दर मिनिटाला त्या एकाच प्रोसेसची मेमरी लिहून ठेवली. गर्दीत मेमरी वाढणारच, त्यात काही नवल नाही. बघायचं असतं ते रात्री २ वाजता, जेव्हा कोणी नसतं, तेव्हा ती कुठे येऊन टेकते. आमची सुरुवात होती ८० एमबी. पहिल्या रात्री २२०, दुसऱ्या रात्री ३६०, आणि तिसऱ्या दिवशी ५०० च्या आसपास खेळ खलास. तळच वर सरकत होता. याला म्हणायचं गळती.

इथे अजून एक बघून घ्यायचं. नोडमध्ये हीपचा आकडा आणि पूर्ण प्रोसेसचा आकडा वेगवेगळा मिळतो. हीप सपाट आणि प्रोसेस फुगतेय, तर दोष बहुतेक खालच्या सी लायब्ररीत किंवा मेमरी वाटपाच्या तुकड्या-तुकड्यांत असतो. आमचा हीपच वाढत होता, म्हणजे कोडमध्येच कोणीतरी धरून बसलं होतं.

चौथी पायरी, घरच्या लॅपटॉपवर तेच घडवून आणणं. एकाच पत्त्यावर ५,००० रिक्वेस्ट मारल्या. मेमरी ढिम्म हलली नाही! मग सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमधल्या खऱ्या रिक्वेस्ट जशाच्या तशा परत चालवल्या, आणि मेमरी चढायला लागली. मधे दोन हीप स्नॅपशॉट घेतले आणि क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये शेजारी-शेजारी ठेवून तुलना केली. स्नॅपशॉट घेताना प्रोसेस थांबते आणि वर भरपूर मेमरी लागते, त्यामुळे हा प्रयोग चालू सर्व्हरवर करू नका.

तुलनेत काय निघालं? एका मॅपमध्ये एकच पान हजारो वेळा. कोड ज्याने लिहून दिला होता, त्याने तयार पान कॅशमध्ये ठेवलं होतं, चावी म्हणून पूर्ण यूआरएल. कल्पना वाईट नाही. पण साइटची लिंक फेसबुकवरच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपमध्ये फिरत होती, आणि फेसबुक लिंकच्या शेवटी 'एफबीसीएलआयडी' नावाचं शेपूट जोडतं. ते दर क्लिकला वेगळं. म्हणजे पान तेच, पण चावी दरवेळी नवी.

हिशोब करा. पान साधारण २०,००० चिन्हांचं. क्रोम आणि नोडचं व्ही८ इंजिन निव्वळ इंग्रजी मजकुराला दर चिन्हाला १ बाइट वापरतं, पण त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं, तर अख्ख्या मजकुराला दर चिन्हाला २ बाइट. म्हणजे एक पान ४० केबी. दिवसाला साडेतीन हजार क्लिक, म्हणजे रोज १४० एमबी. रात्रीचे आकडे आठवा, बरोबर तेवढाच फरक!

इलाज छोटा होता. चावी फक्त बाजार आणि तारीख. कॅशमध्ये जास्तीत जास्त २०० पानं, भरली की बऱ्याच वेळात कोणी न मागितलेलं पान बाहेर. मग त्याच लॉगमधल्या १०,००० रिक्वेस्ट परत चालवल्या. मेमरी ९५ एमबीला टेकली आणि तिथेच राहिली. हे परत चालवून बघणं सोडायचं नाही. नाहीतर दुरुस्ती झाली की आपल्याला तसं वाटलं, हे कळत नाही.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. २२ ऑक्टोबर २०१२ ला ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बदलला होता, पण नवा पत्ता सगळ्या मशीनपर्यंत पोहोचला नाही. काही स्टोरेज सर्व्हरवरचा एक किरकोळ प्रोग्राम जुन्या पत्त्यावर सारखा प्रयत्न करत राहिला आणि हळूहळू मेमरी खात गेला. रेडिटसारख्या साइट्स अडकल्या. ते एकूण मेमरीवर नजर ठेवून होते, पण ती एरवीही भरलेलीच असायची, म्हणून धोक्याची घंटा वाजली नाही. नंतर त्यांनी प्रत्येक प्रोसेसवर वेगळी नजर ठेवायचं ठरवलं.

मग रोज रात्री रिस्टार्ट लावावा का? लावा की! अपाची आणि गनिकॉर्नमध्ये ठराविक रिक्वेस्टनंतर वर्कर बदलायची सोयच आहे. पण ती मलमपट्टी. लावायच्या आधी दोन-तीन रात्रींचे आकडे लिहून ठेवा, कारण रिस्टार्टने पुरावाही पुसला जातो.

तर आज एवढं करा: तुमच्या कोडमध्ये नुसती भर पडत जाणारा, काहीच बाहेर न काढणारा मॅप किंवा यादी आहे का, ते शोधा. सापडली तर तिला आधी मर्यादा घाला. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात बोलू. राम राम!