पाण्याचा नकाशा आणि आपली विहीर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान. त्या वेळी पडद्यावर दाखविलेले नकाशे येथे छापणे शक्य नसल्याने त्यांचे वर्णन शब्दांत केले आहे.)



व्याख्यानाचे आमंत्रण देताना कार्यवाहांनी 'पाणी' एवढाच विषय कळविला होता. पाटबंधारे खात्यात उभी हयात घालविलेल्या माणसाला हा विषय देणे म्हणजे आचाऱ्याला भाताविषयी विचारण्यासारखे आहे. तो कोठे थांबेल याचा भरवसा नाही. म्हणून मी आधीच स्वतःभोवती कुंपण घालून घेतो. आपल्या विद्यार्थिवसतिगृहाची दुसरी विंधनविहीरही गेल्या चैत्रात आटली, आणि तिसरी घेण्यासाठी निधी जमवावा असा ठराव उद्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. त्यावर हात वर करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने पाण्याचे नकाशे एकदा स्वतः उघडून पाहावेत, यासाठी मी उभा आहे.

आपण शाळेत पाहिलेला नकाशा मुका होता. भिंतीवर टांगलेला असे, आणि गुरुजींची छडी जेथे टेके तेवढेच तो सांगे. आता इंटरनेटवर जे नकाशे उपलब्ध आहेत त्यांना प्रश्न विचारता येतो. केंद्र सरकारचे 'इंडिया-डब्ल्यूआरआयएस' हे संकेतस्थळ २०१९ साली नव्या रूपात खुले झाले. त्यावर पाऊस, नदीची पातळी, धरणांतील साठा आणि भूजल यांचे निरनिराळे थर आहेत. हवा तो थर उघडावा, आपला जिल्हा मोठा करून घ्यावा, एखाद्या ठिपक्यावर बोट ठेवावे. त्या ठिकाणची आजवरची मोजमापे आलेखरूपाने समोर येतात. यासाठी पदवी लागत नाही. माझ्या सौभाग्यवतींनी तर पहिल्याच दिवशी आपल्या माहेरची नदी शोधून काढली आणि मग तासभर मोबाइल माझ्या हाती दिला नाही!

दुसरा एक नकाशा युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने २०१६ साली प्रसिद्ध केला. लँडसॅट उपग्रहांनी १९८४ पासून टिपलेली लक्षावधी चित्रे एकावर एक ठेवून, पृथ्वीवर कोठे पाणी सदैव असते आणि कोठे येऊन जाते, हे त्यात रंगांनी दाखविले आहे. बारमाही पाणी निळे, येणारे-जाणारे पाणी जांभळ्यापासून गुलाबीपर्यंत. भीमेवरचे उजनीचे जलाशय त्यात पाहावे. मध्यभाग निळा, आणि कडेची बोटे गुलाबी. ज्यांची गावे त्या गुलाबी पट्ट्यात गेली, आणि पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर पाहण्यास जे आजही जातात, त्यांना तो रंग समजावून सांगावा लागत नाही.

नकाशावर तालुक्याच्या रेषा पुसून नद्यांच्या खोऱ्यांच्या रेषा उघडल्या म्हणजे प्रदेशाचे वेगळेच रूप दिसते. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते. तेथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर. पण सह्याद्रीचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे ती १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. लातूर या गोदावरीच्याच खोऱ्यात, मांजरेच्या पाण्यावर जगणारे शहर. २०१६ च्या एप्रिलात मांजरेचे धरण कोरडे पडले तेव्हा मिरजेहून, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातून, आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या. पुढे ५० वाघिणींतून एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी जाऊ लागले. वर्तमानपत्रांत आपण धरणांचे आकडे 'टीएमसी'त वाचतो. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी आगगाडीने न्यावयाचे तर अशा अकरा हजारांहून अधिक खेपा कराव्या लागतील. हा हिशोब मी मुद्दाम मांडला. कारण नकाशावर दोन खोऱ्यांमध्ये केसाएवढी बारीक रेषा असते, आणि ती ओलांडण्यास एवढे सायास पडतात.

आता मी माझ्या घरची गोष्ट सांगणार आहे. ती सांगण्यास संकोच वाटतो, परंतु उद्याच्या ठरावाशी तिचा निकटचा संबंध आहे.

आमचे गाव सीनेच्या खोऱ्यात. २०१९ च्या उन्हाळ्यात धाकट्या बंधूंची लिंबाची बाग वाळू लागली. त्यांनी नकाशा उघडला. तालुका 'सुरक्षित' म्हणून रंगविलेला होता. पाणाड्यानेही तळहातावर नारळ उभा करून दाखविला. बंधूंनी मला फोन केला, आणि मी, ज्याने आयुष्यभर हेच काम केले तो मी, "बघ, नशीब असेल तर लागेल," एवढेच म्हणालो. पहिली विंधनविहीर ३०० फूट गेली, दुसरी ४५०, तिसरी ६००. तिन्हींतून धुरळा निघाला. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल विहीर घेण्यास मनाई आहे हे मला ठाऊक होते; मी बोललो नाही. बाग गेली, आणि सोसायटीचे कर्ज फेडण्यासाठी बांधालगतची दीड एकर जमीन विकावी लागली.

नकाशा खोटा होता काय? नव्हता. आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारला. 'सुरक्षित' याचा अर्थ त्या क्षेत्रात वर्षभरात उपसता येण्याजोगे जे भूजल, त्यापैकी ७० टक्क्यांपर्यंतच उपसले जाते. ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. हा सबंध तालुक्याचा ताळेबंद झाला. गावचा सरासरी पाटील श्रीमंत म्हणून गावात कोणी उपाशी नाही असे ठरत नाही.

बरे, ठिपक्याचे तरी काय? राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ साली, त्या भीषण दुष्काळाच्या सुमारास, स्थापन झाली. तिच्या निरीक्षण विहिरींतील पाणी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजले जाते. हे काम चिकाटीचे आहे आणि मला त्याचा आदर आहे. परंतु एक ठिपका म्हणजे एक विहीर. आमच्या शेताला सर्वांत जवळचा ठिपका ओढ्याच्या पलीकडे, वेगळ्या पाणलोटात, खालच्या अंगाला निघाला.

त्यात आपला खडक काळा. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग लाव्हाच्या थरांचा आहे. पाणी मुख्यत्वे वरच्या मुरमात आणि भेगांत राहते; खालच्या अखंड पाषाणात भेग लागली तर लागली. खोल जावे तसे पाणी वाढते, हा गाळाच्या प्रदेशातला समज येथे महाग पडतो. प्रत्येक पाणलोटाचे वरून खाली तीन भाग पडतात: जेथून पाणी वाहून जाते तो माथा, जेथे ते मुरते तो मधला उतार, आणि जेथे साठते तो तळ. उंचीचा थर उघडला असता तर आमचे शेत माथ्यावर आहे हे दोन मिनिटांत दिसले असते. तो थर आम्ही उघडला जमीन विकल्यानंतर.

गेल्या महिन्यात मी वसतिगृहाच्या जागेसाठी हाच थर उघडला. आपल्या पूर्वजांनी माळावरची जागा घेतली, कारण ती स्वस्त होती आणि हवा चांगली होती. दोन्ही आटलेल्या विंधनविहिरी माथ्यावर आहेत, आणि नियोजित तिसरी त्यांच्यापासून चाळीस पावलांवर. त्याच पाणलोटात, पाऊण मैल खाली, ओढ्याच्या काठी मंडळाच्याच मालकीची जुनी बांधीव विहीर आहे. नळ आल्यापासून तिच्याकडे कोणी फिरकले नाही. मी वैशाखात दोर सोडला. सात परसांची विहीर, असे वृद्ध सांगतात. मला तळ ३६ फुटांवर लागला, बाकीचा गाळ. पाणी ३१ फुटांवर होते.

यावरून ती साठ मुलांना पुरेल असे मी म्हणणार नाही. एका दिवसाचे मोजमाप म्हणजे साक्षीदार एक, आणि तोही माझ्याच बाजूचा. गाळ काढून, दिवसभर उपसा करून, पाणी पुन्हा किती वेळात चढते हे पाहिले पाहिजे. पाण्याची रासायनिक तपासणी व्हावयास हवी. खजिनदारांनी आक्षेप घेतला आहे की, तोवर टँकर चालूच राहणार आणि त्याचा बोजा मुलांच्या खानावळीच्या शुल्कावर पडणार. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून माझी दुरुस्ती अशी: जमणाऱ्या निधीतून प्रथम एका उन्हाळ्याच्या टँकरची रक्कम बाजूला काढावी, मग विहिरीचा गाळ काढावा, आणि विंधनविहिरीचा निर्णय पुढील संमेलनापर्यंत तहकूब ठेवावा. ओढ्यावरच्या वरच्या अंगाला ज्यांची शेते आहेत ती दोन्ही कुटुंबे आज सभागृहात बसली आहेत. त्यांच्या मोटारी किती तास चालतात यावर आपल्या विहिरीचे पाणी अवलंबून राहील. त्यांच्याशी बोलणे मी नकाशा दाखवून सुरू केले आहे, आणि ते बोलणे अद्याप संपलेले नाही.

दरम्यान विहीर मोजण्याचे काम मुलांनी स्वीकारले आहे. दर पौर्णिमेस मोजावे असे ठरले, म्हणजे तारीख चुकत नाही. गावी ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनीही आपापली मापे, दिवस आणि गट क्रमांकासह, कार्यालयाकडे पाठवावीत. वसतिगृहातील मुले ती आपल्या नकाशावर चढवतील. फुटाफुटावर गाठी मारलेला दोर मी कार्यवाहांच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना नेण्याची इच्छा असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावा, आणि कृपा करून परत आणून द्यावा. तो माझ्या वडिलांचा आहे.