घर घेताना पाया विचारावा
(कोरेगाव येथे नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



घर पाहावयास गेलेला मनुष्य फरशी पाहतो, रंग पाहतो, नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतो. पाया जमिनीखाली असल्याने त्याची चौकशी राहून जाते. मी कलाशाखेचा पदवीधर, स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हे. परंतु आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या आमच्या घराला पहिल्याच उन्हाळ्यात तडे गेले, तेव्हा हा विषय मला सक्तीने शिकावा लागला.

कृष्णा व वसना या नद्यांच्या काठची काळी माती पिकाला उत्तम, घराला मात्र बेभरवशाची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरील भिंत दरसाल वरखाली होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघणारा, उन्हाळ्यात रुंदावणारा तडा हे त्याचे लक्षण होय. नव्या गिलाव्याने तो झाकतो, बरा होत नाही.

जुन्या वाड्यांचा दगडी पाया भिंतीखाली सलग असतो. तो मुरमापर्यंत पोहोचला असेल तर चिंता नाही. खांबांच्या घरात प्रत्येक खांबाखाली स्वतंत्र बैठक असते. तिलाही मुरूम वा खडकच हवा. काळी माती खोल असल्यास तळाशी कंदासारखे फुगीर असलेले काँक्रीटचे खुंट घालतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्याकडे रुजविली. हे खुंट सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे ऋतुमानाने हालणाऱ्या थराखाली, नेतात आणि वरून तुळईने जोडतात. तुळई व माती यांत मोकळी जागा ठेवतात, म्हणजे फुगलेली माती तुळई उचलीत नाही. मऊ जमिनीवर कधी साऱ्या घराखाली एकच जाड स्लॅब घालतात.

आपल्या जिल्ह्याने 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप सोसला आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेव्हा पाया चांगला म्हणून भिंतीकडे दुर्लक्ष नको; जोत्यावर आणि दारे-खिडक्यांवर काँक्रीटचा सलग पट्टा आहे काय, हेही विचारावे.

विकणाऱ्याकडे मंजूर नकाशाबरोबर पायाचा आराखडा मागावा. तो नसल्यास, त्याच्या संमतीने भिंतीलगत एक खड्डा घेऊन अभियंत्याला दाखवावा. जागा भरावाची आहे काय, हे शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. त्यांना ओढा कोठून वाहत होता ते ठाऊक असते. आम्ही हे इसार दिल्यानंतर विचारले.