जुन्या इंजेक्शनची बाजू



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरचे डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते आज एका सभागृहात बसले आहेत. ही संधी वाया घालवायची नाही म्हणून मी एकाच औषधावर बोलणार आहे: पेनिसिलीन. आपण ते हळूहळू बाजूला सारलं, आणि त्याची झळ आपल्या रुग्णांना बसते आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उल्हासनगर वसलं ते महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथे आली तेव्हा पेनिसिलीन आपल्याकडे परदेशातून यायचं. १९५४ साली पिंपरीत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि हे औषध देशात बनू लागलं. महाराष्ट्राच्या मातीत रुजलेल्या या औषधाबद्दल मला आजही अभिमान वाटतो.

ते काम कसं करतं, हे औषधविक्रेत्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. जिवाणूभोवती पेप्टिडोग्लायकनची भिंत असते. वाढताना तो ती सतत उसवतो आणि नवी बांधतो. नव्या भागाचे जोड ट्रान्सपेप्टिडेज हे विकर बसवतं. पेनिसिलीनमधलं बीटा-लॅक्टमचं चौकोनी कडं नेमकं या विकराला चिकटून बसतं. जोड बसत नाहीत, भिंत कच्ची राहते आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून या औषधाचा घाव आपल्यावर पडत नाही. विषाणूलाही ती नाही. त्यामुळे सर्दीत किंवा डेंग्यूत पेनिसिलीन देणं व्यर्थ. टीबी आणि टायफॉइडही त्याच्या कक्षेबाहेरचे. बहुतेक स्टॅफिलोकॉकस तर पेनिसिलिनेज सोडून ते कडंच तोडून टाकतात.

मग उरलं काय? आपल्या भागापुरतं बोलायचं तर बरंच. उल्हास आणि वालधुनी या नद्या दर पावसाळ्यात काठावरच्या वस्त्यांत शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई-ठाणे परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे हा जंतू शरीरात जातो. सौम्य आजाराला डॉक्सिसायक्लिन पुरतं. गंभीर रुग्णाला मात्र दर सहा तासांनी १५ लाख युनिट पेनिसिलीन शिरेतून, सात दिवस. पुरात चालून आलेल्या माणसाचा ताप, पिंढऱ्यांतलं दुखणं आणि लाल डोळे दिसले की अहवालाची वाट पाहत बसू नका.

दुसरा आजार माझ्या मनाला जास्त लागतो, कारण तो मुलांचा आहे. स्ट्रेप्टोकॉकसने दुखलेला घसा वेळीच बरा केला नाही, तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. हा जंतू इतक्या वर्षांनंतरही पेनिसिलीनपुढे टिकत नाही. एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला तो पुन्हा येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलीनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावं लागतं. ते दुखतं, आणि आईबापांना कामाचा खाडा करावा लागतो. म्हणून तारीख चुकते, आणि पुढे झडपेची शस्त्रक्रिया होते. गरोदर बाईला सिफिलिस असेल तर बाळापर्यंत पोहोचून त्याला वाचवणारं खात्रीचं औषधही हेच आहे.

एवढं असून आपण ते टाळतो, कारण रिॲक्शनची भीती. ती खोटी नाही. ॲनाफिलॅक्सिसने माणूस मिनिटांत जाऊ शकतो. पण परदेशांत ॲलर्जीची नोंद असलेल्या रुग्णांची नीट तपासणी केली, तेव्हा दहांपैकी नऊ जणांना पेनिसिलीन चालतं असं आढळलं. भीतीपोटी आपण जास्त व्यापक, जास्त महाग अँटिबायोटिक देतो आणि प्रतिकारक जंतू वाढवतो. हा सौदा मला मान्य नाही.

माझी सर्वांना विनंती आहे. औषधविक्रेत्यांनी बेंझाथिन पेनिसिलीन कमी नफ्याचं आहे म्हणून ते ठेवणं बंद करू नये. डॉक्टरांनी आधीच्या रिॲक्शनबद्दल नीट विचारावं, ॲड्रेनालिन हाताशी ठेवावं, इंजेक्शननंतर अर्धा तास रुग्णाला बसवून ठेवावं. आणि परिचारिकांनी बेंझाथिनचं इंजेक्शन घेणाऱ्या मुलांच्या तारखांची वही आपल्या दवाखान्यात येत्या सोमवारपासून सुरू करावी.