मायबोली आणि विद्यापीठ

विद्यापीठ म्हटलें म्हणजे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें उंच मनोरा, काळे झगे, पदवीदानाचा समारंभ आणि वृत्तपत्रांत छापलेली उत्तीर्णांची यादी उभी राहते. नवी इमारत उठली, अमक्याची कुलगुरु म्हणून निवड झाली, परीक्षेचा निकाल लागला, एवढीच विद्यापीठाची वार्ता बहुधा बाहेर येते. परंतु विद्यापीठांत घडावयाची जी मुख्य गोष्ट, म्हणजे शिकविणें आणि शिकणें, तिची वार्ता क्वचितच कोणी देतो. कारण ती चार भिंतींच्या आंत, एका फळ्यापुढें आणि वीसपंचवीस बाकांवर घडत असते. तेथें शिक्षकानें बोलावें आणि विद्यार्थ्यानें ऐकावें, इतक्यानें भागत नाहीं. विद्यार्थ्यानें मध्येंच थांबवून "हें असें कां?" म्हणून विचारलें पाहिजे. हा प्रश्न त्यानें कोणत्या भाषेंत विचारावा, या साध्या दिसणाऱ्या गोष्टीच्या पायावर महाराष्ट्रांत एक सबंध विद्यापीठ उभें राहिलें. त्याची हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठें त्याच वर्षींचीं. तिन्हींपुढें नमुना लंडन विद्यापीठाचा होता. शिकविण्याचें काम कॉलेजांनीं करावें आणि विद्यापीठानें परीक्षा घेऊन पदव्या द्याव्या, अशी ती वांटणी. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. या विद्यापीठानें देशाला पंडित दिले, कायदेतज्ज्ञ दिले, पुढारी दिले. तें ऋण नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु तेथील विद्येचा सर्व व्यवहार इंग्रजींतून चालला. मराठी भाषेला प्रारंभीं अभ्यासक्रमांत जें थोडेंसें स्थान होतें, तेंहि थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून गेलें. पुढें न्यायमूर्ति रानडे यांनीं आयुष्याच्या शेवटीं शेवटीं जी चिकाटीची खटपट केली, तिच्यामुळें मराठीला एम्. ए. च्या परीक्षेंत प्रवेश मिळाला. तरी तो एक विषय म्हणून मिळाला. शिकविण्याची भाषा म्हणून नव्हे.

याचा परिणाम वर्गांत काय होत असे, तें जुन्या शिक्षकांना चांगलें ठाऊक आहे. मुलाच्या डोक्यावर एकदम दोन ओझीं चढत, एक विषयाचें आणि दुसरें भाषेचें. भूमितीचा सिद्धांत कळला नाहीं कीं त्याची इंग्रजी वाक्यरचना कळली नाहीं, हें त्याचें त्यालाच उमगत नसे. प्रश्न विचारावा तर आधीं तो मनांत इंग्रजींत जुळवावा लागे, आणि तो जुळेपर्यंत शिक्षक पुढच्या सिद्धांतावर गेलेले असत. मग मुलगा प्रश्न गिळून टाकी आणि पान पाठ करी. परीक्षेंत तें पान उतरे, गुणहि मिळत. पण गिळलेला प्रश्न जन्मभर तसाच राही. मुलांची ही स्थिति, तर मुलींची काय असेल? त्यांना शाळेचीं वर्षें आधींच थोडीं. लग्न, मूल, घरची सेवा यांतून जो काळ उरे, त्यांतील निम्मा परभाषेच्या व्याकरणांत गेला तर विद्येला उरणार किती?

हा विचार ज्यांनीं कृतींत आणला, ते प्रोफेसर धोंडो केशव कर्वे. कोंकणांतील मुरूडचे हे गृहस्थ १८९१ पासून १९१४ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत होते. स्वतः त्यांनीं विधवेशीं पुनर्विवाह केला होता. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढें तो पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावर नेला. १९१५ सालीं काशीचे शिवप्रसाद गुप्त यांनीं त्यांच्याकडे एक पुस्तिका धाडली. जपानांत टोकियो येथें १९०१ सालीं नारुसे या शिक्षकानें स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें होतें, त्याची माहिती त्या पुस्तिकेंत होती. स्त्रीला प्रथम माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राची घटक म्हणून शिक्षण द्यावें, आणि तें तिच्या देशाच्या भाषेंत द्यावें, हें त्या विद्यापीठाचें धोरण. त्या वर्षींच्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे कर्वे अध्यक्ष होते. त्या व्यासपीठावरून त्यांनीं स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना लोकांपुढें मांडली.

कल्पना मांडणारे पुष्कळ असतात. सहा महिन्यांच्या आंत ती जमिनीवर उतरविणारा विरळा. १९१६ च्या जून महिन्यांत भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन झालें. पहिले कुलपति झाले डॉक्टर भांडारकर. म्हणजे जे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकीं एक आणि पुढें त्याच विद्यापीठाचे कुलगुरु, तेच. पहिले कुलगुरु झाले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. इंग्रजी विद्येच्या शिखरावर चढून गेलेल्या या दोघांनीं मायबोलींतील विद्यापीठाला आपलें नांव द्यावें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मायबोलीचा आग्रह म्हणजे इंग्रजीचा द्वेष नव्हे, हें त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होतें. जुलै महिन्यांत कॉलेज सुरू झालें तेव्हां विद्यार्थिनी एका हाताच्या बोटांवर मोजतां येतील इतक्याच होत्या. विद्यापीठ म्हणून हंसणाऱ्यांना याहून चांगलें निमित्त कोणतें मिळणार?

या विद्यापीठाचें मुख्य तत्त्व असें कीं, सर्व विषय मायबोलींतून शिकवावे आणि परीक्षाहि मायबोलींतूनच घ्याव्या. इंग्रजी भाषा मात्र एक विषय म्हणून सर्वांनीं शिकावी. महात्मा गांधींना पहिला भाग सर्वस्वी मान्य होता, पण इंग्रजीची सक्ति नसावी असें त्यांचें मत होतें. दुसऱ्या बाजूला, मराठींतून शिकलेली ती कसली पदवीधर, असें म्हणणारे विद्वान् होतेच. कर्वे यांनीं दोन्ही बाजू शांतपणें ऐकून घेतल्या आणि मधली वाट धरली. इंग्रजी हें जगाकडे उघडणारें दार आहे, तें बंद करूं नये. पण घरांतील चूल त्या दारांत मांडूं नये, असा त्या वाटेचा अर्थ.

अभ्यासक्रमांत आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था, मानसशास्त्र या विषयांना स्थान दिलें गेलें. पदव्यांचीं नांवेंसुद्धां आपल्या भाषेंतील योजलीं. बी. ए. च्या जागीं 'गृहीतागमा', म्हणजे जिनें विद्या ग्रहण केली ती, आणि एम्. ए. च्या जागीं 'प्रदेयागमा', म्हणजे जी आतां विद्या देण्यास योग्य झाली ती. घेणें आणि देणें या दोन क्रियांतच शिक्षणाचा सारा अर्थ आला. ज्या स्त्रियांना घर सोडून कॉलेजांत येणें शक्य नव्हतें, त्यांना घरीं अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मोकळीक ठेविली. आरोग्यशास्त्राचा धडा मराठींतून शिकलेली मुलगी सायंकाळीं घरीं तोच धडा आईला सांगूं शके. पाणी उकळून कां घ्यावें, बाळंतिणीच्या खोलींत उजेड कां असावा, हें त्या माउलीला कळे. इंग्रजींत पाठ केलेला धडा उंबरठ्याच्या आंत येत नाहीं. मायबोलींत शिकलेला धडा घरांत शिरतो आणि शेजारींहि जातो.

पण या मार्गाला किंमत पडली, आणि ती विद्यार्थिनींना द्यावी लागली. सरकारनें या विद्यापीठाला मान्यता दिली नाहीं. येथील पदवी घेऊन सरकारी नोकरी मिळावी किंवा दुसऱ्या विद्यापीठांत पुढें शिकावें, तर दार लागलेलें असे. मुलीला चांगलें कळेल असें शिक्षण द्यावें कीं बाजारांत चालेल असा कागद द्यावा, असा पेंच आईबापांपुढें पडे. पुष्कळांनीं कागद पसंत केला. त्यांना दोष देतां येत नाहीं. ज्यांनीं कळणारें शिक्षण पसंत केलें, त्यांच्या मुली गांवोगांवच्या कन्याशाळांत शिक्षिका झाल्या. ही मान्यता १९१६ नंतर तेहतीस वर्षांनीं, १९४९ च्या कायद्यानें मिळाली. तोंवर एक पिढी मान्यतेवांचून शिकली आणि शिकवून गेली.

या काळांत विद्यापीठ जगलें तें लोकांच्या पैशावर. वर्षाला पांचदहा रुपये देणाऱ्या शेंकडों सामान्य माणसांकडे कर्वे स्वतः जात. १९२० सालीं मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचें, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें, नांव विद्यापीठाला मिळालें. पुढें १९३६ सालीं विद्यापीठाचें ठाणें पुण्याहून मुंबईस गेलें. मराठीबरोबर गुजराती भाषेंतूनहि शिक्षण चालूं लागलें, आणि कॉलेजें पुणें व मुंबईप्रमाणें अहमदाबाद, बडोदें येथेंहि निघालीं. १९२९ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, कर्वे युरोप, अमेरिका आणि जपान यांच्या प्रवासास निघाले. त्यानंतर ते आफ्रिकेंतहि हिंडले. जेथें जेथें हिंदी माणसें भेटलीं, तेथें तेथें त्यांनीं आपली झोळी पुढें केली. १९५८ सालीं, शंभराव्या वर्षीं, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला आणि १९६२ सालीं ते निवर्तले.

मायबोलींतून उच्च शिक्षण होत नाहीं, कारण परिभाषा नाहीं आणि ग्रंथ नाहींत, असा आक्षेप तेव्हांहि घेतला जाई आणि आजहि घेतला जातो. याला हैदराबादचें उदाहरण देण्याजोगें आहे. तेथें १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमांतून सुरू झालें. त्याच्या आदल्या वर्षींच निजाम सरकारनें भाषांतरासाठीं स्वतंत्र खातें उघडलें होतें. इतिहास, विज्ञान, वैद्यक या विषयांवरील शेंकडों ग्रंथ उर्दूंत आणले गेले आणि डॉक्टर, इंजिनियर त्याच भाषेंत शिकून तयार झाले. राज्यकर्त्यानें पैसा आणि माणसें लावलीं म्हणजे परिभाषा तयार होते, हें यांतून सिद्ध झालें. परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. मराठवाड्यांतून हैदराबादेस गेलेल्या मराठी मुलाला उर्दू ही इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागणारी भाषा होती. त्याचा प्रश्न तेथेंहि घशांतच राहिला. देशी भाषा म्हणजे प्रत्येकाची मायबोली नव्हे, हा त्यांतील धडा. १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झाल्यानंतर उस्मानियाचें माध्यमहि बदललें.

आज काळ पालटला आहे. महिला विद्यापीठांत आतां इंग्रजींतूनहि शिक्षण दिलें जातें, आणि मुली सर्व विद्यापीठांत सर्व विषय शिकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें उच्च शिक्षणांत भारतीय भाषांना स्थान देण्याचा पुरस्कार केला आहे, आणि २०२४ सालीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. मान्यतेसाठीं तेहतीस वर्षें थांबण्याचा प्रसंग आतां कोणावर नाहीं. परंतु घरांतील मुलाला किंवा मुलीला कोणत्या माध्यमाच्या शाळेंत घालावें, या प्रश्नाशीं आईबाप आजहि तसेच अडतात, आणि कागद व कळणें यांतील जुना पेंच सुटलेला नाहीं.

तो पेंच नुसत्या अभिमानाच्या घोषणांनीं सुटणार नाहीं. कर्वे यांनीं घोषणा केल्या नाहींत. त्यांनीं वर्ग उघडला, शिक्षक नेमले, परीक्षा घेतल्या आणि दारोदार हिंडून पैसा जमविला. मराठींतून भौतिकशास्त्र शिकावें असें ज्यांना वाटतें, त्यांनीं तें शिकवितां येईल असें सुबोध पुस्तक लिहिलें पाहिजे. आणि ज्यांच्या हातीं नोकऱ्या आहेत, त्यांनीं मराठींतून शिकलेल्याला त्या कारणास्तव मागें ढकलतां कामा नये. हीं दोन कामें झालीं तर माध्यमाचा वाद आपोआप थंड होईल. तोंवर प्रत्येक शिक्षकाला एक गोष्ट आपल्या वर्गांत करतां येते, आणि तिला कोणत्याहि सरकारची मान्यता लागत नाहीं. पुस्तक कोणत्याहि भाषेंतील असो, विद्यार्थ्याला आपली शंका आपल्या भाषेंत विचारूं द्यावी, आणि तिचें उत्तर त्याच भाषेंत द्यावें.